मान तुकवणारा कॅमेरा

प्रवासात अनोळखी माणसाशी ओळख काढण्याचे आपल्याकडे दोन जुने मार्ग आहेत. एक म्हणजे ‘कुठवर जाणार?’ हा प्रश्न आणि दुसरा म्हणजे उघडलेला फराळाचा डबा. मला गेल्या काही वर्षांत तिसरा मार्ग सापडला आहे. सापडला म्हणण्यापेक्षा तो माझ्या गळ्यात पडला आहे, आणि तोही अगदी शब्दशः. माझ्याजवळ रोलीकॉर्ड नावाचा एक जुना जर्मन कॅमेरा आहे. काळ्या कातड्याने मढवलेली उभट पेटी, समोर एकाखाली एक असे दोन डोळे, आणि वर उघडणारे झाकण. ही पेटी पोटाशी धरून मान खाली घालून मी उभा राहिलो, की एस. टी. स्टँड असो, बाजार असो वा नदीचा घाट असो, पाच मिनिटांच्या आत कोणीतरी जवळ येतेच.

“साहेब, ही दुर्बीण आहे का हो?” इथपासून सुरुवात होते. मग “रीळ मिळतं का अजून?”, मग “आमच्या लग्नात असलाच होता,” आणि मग लग्नाची हकिकत. पुण्याच्या एका वृद्ध गृहस्थांनी मला भर रस्त्यात थांबवून त्यांच्या मुंजीच्या फोटोंची गोष्ट सांगितली. ते फोटो १९६१ च्या पानशेतच्या पुरात गेले. सांगताना त्यांची नजर माझ्याकडे नव्हती, कॅमेऱ्याकडे होती. जणू ते फोटो अजून त्या पेटीतच कुठेतरी असावेत.

आता गंमत पाहा. त्याच स्टँडवर त्याच वेळी पन्नास माणसांच्या हातात मोबाइल असतो, आणि त्या प्रत्येकात माझ्या पेटीहून कितीतरी हुशार कॅमेरा असतो. पण मोबाइलवर फोटो काढणाऱ्याशी कोणी बोलायला जात नाही. फार तर लोक बाजूला सरकतात. हे असे का व्हावे? केवळ जुन्या वस्तूचे कौतुक म्हणावे, तर माझ्या हातातल्या तितक्याच जुन्या घड्याळाविषयी आजवर कोणी चौकशी केलेली नाही. या प्रश्नाचा माग काढत मी कॅमेऱ्याच्या इतिहासात शिरलो, आणि तिथे मला एकाच घराण्याच्या दोन शाखा दिसल्या. एक शाखा स्वतःला लपवणाऱ्या कॅमेऱ्यांची आणि दुसरी चारचौघांत उघडपणे उभ्या राहणाऱ्या कॅमेऱ्यांची. या दोन शाखांची ही कथा आहे.

कथेची सुरुवात एका बूटपॉलिशपासून होते. १८३८ साली पॅरिसमध्ये लुई दागेर या गृहस्थाने आपल्या खिडकीतून खालच्या रस्त्याचे चित्र घेतले. रस्ता वर्दळीचा होता. पण तेव्हा एक चित्र उमटायला काही मिनिटे लागत, त्यामुळे धावती माणसे आणि गाड्या यांतले काहीच तबकडीवर राहिले नाही. एक माणूस मात्र कोपऱ्यावर पाय पुढे करून बूट पुसून घेत उभा होता. तो हलला नाही म्हणून तेवढा उमटला. छायाचित्रात सापडलेला पहिला माणूस म्हणून आज त्याचा उल्लेख होतो. त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही, आणि आपले चित्र निघाले हे त्याला तरी कुठे ठाऊक होते? म्हणजे न विचारता फोटो काढण्याची परंपरा कॅमेऱ्याच्या जन्माइतकीच जुनी आहे.

पण पुढची चाळीसएक वर्षे कॅमेऱ्याला लपणे शक्यच नव्हते. १८३९ मध्ये दागेरची कृती जाहीर झाली, १८५१ मध्ये ओल्या काचेची रीत निघाली, आणि छायाचित्रकार म्हणजे एक चालता तंबूच होऊन बसला. काच रसायनात बुडवायची, ती ओली आहे तोवरच चित्र घ्यायचे, आणि वाळण्यापूर्वी अंधारात नेऊन धुवायची. त्यासाठी तिकाटणे, पेटी, बाटल्या, काचा, काळा कपडा आणि हे सारे वाहणारी माणसे एवढा लवाजमा लागे. असा माणूस गावात शिरला, की वाघ घेऊन आलेल्या दरवेशाभोवती जमावी तशी गर्दी जमणारच. फोटो काढण्यापूर्वी गावाशी बोलावे लागे, मुलांना आवरावे लागे, आणि ज्याचा फोटो घ्यायचा त्याला ‘श्वास धरून उभे राहा’ असे पढवावे लागे.

आपल्याकडेही हा लवाजमा लवकर आला. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळच्या मुंबईतले जाणते छायाचित्रकार होते. परंतु शहरातल्या शिकलेल्या मंडळींची हौस वेगळी आणि सामान्य माणसाची भीती वेगळी. फोटो काढला की आयुष्य कमी होते, ही समजूत आपल्या आजी-पणजींच्या तोंडी होती. तिचा तडाखा एका फार मोठ्या माणसाला बसला. चित्रपटाचे जनक म्हणून ज्यांना आपण ओळखतो, ते दादासाहेब फाळके त्यापूर्वी फोटोचा धंदा करीत. त्यांनी बडोद्यास तो मांडला, तेव्हा कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो अशी आवई उठली आणि गिऱ्हाईक फिरकेना, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. फाळक्यांना म्हणे राजघराण्यातसुद्धा फोटोची बाजू मांडून मनवळवणी करावी लागली. धंदा त्याने तरला नाही. पण मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. लोक भ्याले ते कॅमेरा समोर दिसत होता म्हणून; आणि तो दिसत होता म्हणूनच त्यांना ‘नको’ म्हणता आले. ज्याला नकार देता येतो त्याच्याशीच संवाद होऊ शकतो.

नकाराची ही सोय हळूहळू नाहीशी झाली. कोरड्या काचा आल्या, चित्र सेकंदाच्या अंशात उमटू लागले, आणि १८८० नंतर युरोप-अमेरिकेत ‘डिटेक्टिव्ह कॅमेरा’ या नावाने पुस्तकासारख्या, पुडक्यासारख्या दिसणाऱ्या पेट्या विकायला आल्या. त्यांतला १८८६ सालचा स्टर्न यांचा कॅमेरा तर मोठा इरसाल होता. तो तबकासारखा चपटा असे आणि बंडीच्या आत घालायचा असे. भिंग बटणाच्या काजातून बाहेर डोकावे, खिशातली दोरी ओढली की चित्र उमटे, आणि आतली काच फिरवून अशी सहा चित्रे घेता येत.

नॉर्वेमध्ये कार्ल स्टर्मर नावाच्या विद्यार्थ्याने १८९३ च्या सुमारास असा कॅमेरा मिळवला. कारण मोठे काव्यमय होते. एक मुलगी त्याला आवडली होती. तिच्याशी बोलायचे धैर्य नव्हते. निदान तिचा फोटो तरी जवळ असावा एवढीच इच्छा होती. मग त्याला या उद्योगाची चटकच लागली. आजच्या ऑस्लो शहरातल्या हमरस्त्यावर तो फेरफटका मारी, समोरून येणाऱ्याला हसून नमस्कार करी, आणि तो माणूस टोपी उचलून उलट नमस्कार करू लागला की दोरी ओढी. काही वर्षांत त्याने अशी पाचशेच्या आसपास छायाचित्रे घेतली, आणि नाटककार इब्सेनही त्यांतून सुटला नाही. हा स्टर्मर पुढे मोठा गणिती झाला आणि ध्रुवप्रदेशातल्या आकाशात दिसणाऱ्या प्रकाशाचा अभ्यासक म्हणून जगभर नावाजला. त्याची ती चित्रे फार गोड आहेत. त्यांतली माणसे खरोखर हसताहेत. पण ती हसताहेत एका नमस्काराला, आणि त्या नमस्काराच्या आड बंडीत कॅमेरा आहे. बोलायचे धैर्य नसलेल्या मुलाला कॅमेऱ्याने बोलायची गरजच उरू दिली नाही.

याच सुमारास, १८८८ साली, अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा काढला. किंमत २५ डॉलर, आत १०० चित्रांची फिल्म भरलेली. ती संपली की सबंध कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा, चित्रे तयार होऊन येत. १९०० मध्ये ब्राउनी आला तो तर अवघ्या एका डॉलरला. रस्त्यारस्त्यावर, समुद्रकाठी, बागेत कळ दाबणारे हौशी लोक दिसू लागले, आणि ज्यांची चित्रे न विचारता निघत ते चिडू लागले. १८९० मध्ये सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनी हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात एक लेख लिहिला. माणसाला त्याच्या एकांतात निवांत राहू देणे हा त्याचा हक्क आहे, असे त्याचे सार होते. लेख लिहायला जी कारणे घडली त्यांत क्षणार्धात चित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा त्यांनी स्पष्ट निर्देश केला आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्या निकालातही या लेखाची चर्चा आहे. एका काजातून डोकावणाऱ्या भिंगाची गोष्ट कुठवर जाऊन पोहोचली पाहा!

लपणाऱ्या शाखेवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की जगातली काही अजोड चित्रे तिनेच दिली. १९२५ मध्ये ऑस्कर बार्नाकचा चिमुकला लायका कॅमेरा बाजारात आला आणि कॅमेरा मुठीत मावू लागला. फ्रान्सच्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी तो १९३२ मध्ये घेतला. त्याचा चकचकीत धातू लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून ते त्यावर काळी पट्टी चिकटवीत. न्यूयॉर्कमध्ये वॉकर एव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात भुयारी रेल्वेतल्या प्रवाशांची चित्रे कोटाच्या दोन बटणांमधून टिपली. आपल्याकडे कोणी पाहत नाही असे वाटते तेव्हा माणसाच्या चेहऱ्यावरून मुखवटा कसा गळतो, ते त्या चित्रांत दिसते. पण त्यांचे पुस्तक एव्हान्स यांनी १९६६ मध्ये काढले. पाव शतक ते थांबले. चित्रे चांगली होती, तरी ती ज्यांची होती त्यांना विचारलेले नव्हते, हे त्यांच्या मनात कुठेतरी असावे असे मला आपले वाटते.

आता दुसऱ्या शाखेकडे, म्हणजे माझ्या गळ्यातल्या पेटीच्या माहेराकडे येऊ. जर्मनीत ब्राउनश्वाइग या शहरी पाउल फ्रांके आणि राइनहोल्ड हायडेके यांनी १९२० मध्ये कारखाना काढला आणि १९२९ मध्ये रोलीफ्लेक्स हा दोन डोळ्यांचा कॅमेरा जगापुढे ठेवला. माझा रोलीकॉर्ड हा त्याचाच कमी किमतीचा धाकटा भाऊ. तो १९३३ मध्ये आला. याची रचना सोपी आहे. वरचा डोळा बघण्याचा, खालचा चित्र घेण्याचा. वरच्या भिंगामागे तिरपा आरसा असतो. तो समोरचे दृश्य वरच्या दुधी काचेवर पाडतो. पाहणाऱ्याने पेटी पोटाशी धरायची आणि विहिरीत डोकावावे तसे त्या काचेत डोकवायचे. आरशामुळे डावे-उजवे मात्र उलटे होते. उजवीकडे निघालेली बैलगाडी काचेत डावीकडे चालू लागते. खाली सहा सेंटिमीटर चौरसाची चित्रे उमटतात. एका रिळात अवघी बारा.

या रचनेची कल्पना हायडेकेला पहिल्या महायुद्धात सुचली अशी कथा सांगतात. खंदकातून डोके वर न काढता शत्रूचे चित्र घेता यावे, अशी ती मूळ कल्पना होती. कथा खरी असेल तर दैवाचा विनोद म्हणायला हवा. शत्रूपासून डोके लपवण्यासाठी योजलेली युक्ती पुढे अनोळखी माणसापुढे डोके लववण्याच्या कामी आली. कारण डोळ्याला कॅमेरा लावणारा माणूस समोरच्यावर नेम धरल्यासारखा दिसतो आणि त्याचा चेहरा झाकला जातो. रोलीफ्लेक्सवाल्याचा चेहरा मोकळा असतो. आणि तो मान तुकवतो. आपल्याकडे मान तुकवण्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

पॅरिसच्या रोबेर द्वानो यांनी हा कॅमेरा १९३२ मध्ये घेतला तेव्हा ते वीस वर्षांचे होते आणि अतिशय लाजाळू होते. इतके, की सुरुवातीला माणसांचे फोटो काढायचे धाडस होईना म्हणून ते रस्त्यावरच्या दगडांचे काढीत. मग मुलांचे काढू लागले, मग हळूहळू मोठ्यांचे. नॉर्वेचा तो विद्यार्थी लाजाळू आणि हेही लाजाळूच. पण एकाच्या हाती बंडीतला कॅमेरा आला आणि दुसऱ्याच्या हाती पोटाशी धरायचा. पुढे द्वानो पॅरिसच्या गल्ल्यांतल्या कामगारांचे आणि दुकानदारांचे जिवलग झाले. १९५० मध्ये त्यांनी घेतलेले रस्त्यात चुंबन घेणाऱ्या तरुण-तरुणीचे चित्र जगप्रसिद्ध आहे. ते अचानक टिपलेले असावे असे लोकांना वाटे. पण १९९० नंतर या चित्रावरून वाद कोर्टात गेला, तेव्हा द्वानो यांनी सांगितले, की ते जोडपे पाहून आपण त्यांना विचारले होते आणि त्यांच्या संमतीनेच ते चित्र घेतले होते. पुष्कळांचा विरस झाला. माझा झाला नाही. विचारून घेतलेले चित्र सत्तर वर्षांनंतरही जिवंत राहते, याहून विचारण्याची महती ती कोणती?

आपल्या देशातही या शाखेची एक थोर उपासक होऊन गेली. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत झाले. त्या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. आरंभी त्यांची चित्रे त्यांच्या यजमानांच्या, माणेकशा यांच्या नावाने छापली जात. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि पुढे तिथल्या प्रत्येक ऐतिहासिक प्रसंगी खादीच्या टोप्या आणि लष्करी गणवेश यांच्या गर्दीत ही साडी नेसलेली बाई, कधी रोलीफ्लेक्स तर कधी त्याहूनही अवजड स्पीड ग्राफिक कॅमेरा सावरत उभी दिसे. बाईच्या हातात एवढा कॅमेरा पाहून लोकांना प्रथम ती गंमतच वाटली; ही नुसती मिरवते आहे असे समजून कोणी तिला गंभीरपणे घेतले नाही, आणि त्याचा आपल्याला फायदाच झाला, असे त्या पुढे सांगत. लोक हसून वाट देत आणि बाई आपले काम करीत. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. नव्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की आणि उद्धटपणा त्यांना सोसवेना. ज्याचे चित्र घ्यायचे त्याची प्रतिष्ठा सांभाळायची, हा त्यांच्या पिढीचा नेम मोडत चालला होता. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पुढच्याच वर्षी त्या वारल्या.

चित्रापूर्वी संवाद हवा म्हटले, तर तो शब्दांचाच असावा लागतो असे मात्र नाही. १९४६ मध्ये मार्गारेट बर्क-व्हाइट ही अमेरिकन छायाचित्रकार गांधीजींचे चरख्यापाशी बसलेले चित्र घ्यायला आली. त्यांच्या चिटणिसांनी तिला अट घातली, की आधी स्वतः सूत कातायला शीक. बाई बसली, धागा तोडत-जोडत थोडेफार शिकली. मग कळले, की आज सोमवार, बापूंचा मौनवार, बोलायचे नाही. शिवाय त्यांना झगझगीत उजेड खपत नाही. मोठ्या मिनतवारीने तिला तीन दिवे उडवायची परवानगी मिळाली. पहिले दोन वाया गेले. तिसऱ्याने ते जगाला ठाऊक असलेले चित्र दिले. चरखा पुढे आणि त्यामागे वाचत बसलेले बापू. एक शब्द न बोलता झालेली ही भेट होती. पण धाग्याची ओळख आधी झाली होती.

संवाद झाला, चित्र निघाले. पण ज्याचे निघाले त्याच्या हाती काय आले? हा प्रश्न आजवरच्या कथेत राहूनच गेला. याचे सर्वांत चोख उत्तर दिले ते जत्रेतल्या फोटोवाल्याने. तिकाटण्यावर लाकडी पेटी, मागे काळ्या कापडाची बाही. त्याची पेटी हाच कॅमेरा आणि तीच अंधारी खोली. आत कागदावर उलटे चित्र घ्यायचे, बाहीतून हात घालून आतल्या आतच ते धुवायचे, मग ते भिंगासमोर फळीवर लावून त्याचा पुन्हा फोटो काढायचा, म्हणजे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होऊन सुलटे चित्र हाती येई. काबूलपासून कोलकात्यापर्यंत या पेट्यांवर पिढ्यांची पोटे भरली. जयपूरला हवामहलाच्या परिसरात अशी पेटी अगदी अलीकडच्या काळातही पाहायला मिळे. गिऱ्हाइकाभोवती बघ्यांचे कडे असायचे, चित्र सुकेपर्यंत गप्पा रंगायच्या, आणि शेवटी ओला फोटो गिऱ्हाइकाच्याच हातात पडायचा.

तिकडे अमेरिकेत एडविन लँड यांच्या तीन वर्षांच्या मुलीने १९४३ मध्ये बापाला विचारले, की काढलेला फोटो आत्ताच का दिसत नाही? त्या बालहट्टातून पोलरॉइड कॅमेरा जन्मला आणि १९४८ मध्ये बाजारात आला. साधने बदलली, तत्त्व जत्रेतलेच राहिले: ज्याचे चित्र त्याच्या हाती.

याच्या अगदी उलट टोकाला शिकागोची व्हिव्हियन मायर. बाई लोकांची मुले सांभाळायचे काम करीत आणि मोकळ्या वेळात गळ्यात रोलीफ्लेक्स अडकवून रस्तोरस्ती हिंडत. तिच्या चित्रांतली कितीतरी माणसे थेट तिच्या डोळ्यांत पाहताना दिसतात. २००७ मध्ये तिचे सामान लिलावात निघाले तेव्हा ही चित्रे उजेडात येऊ लागली. एकंदर नेगेटिव्ह एक लाखाहून अधिक भरल्या, आणि किती तरी रिळे धुतलेलीसुद्धा नव्हती. २००९ मध्ये ती वारली. आज जग तिला डोक्यावर घेते. पण त्या लाखभर चित्रांतल्या माणसांपैकी किती जणांना आपले चित्र पाहायला मिळाले असेल?

हे मी तिला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. तो अधिकार मला नाही; का नाही, ते आता सांगतो.

चारपाच वर्षांपूर्वी आषाढीच्या वारीत मी सासवडच्या मुक्कामी गेलो होतो. दुपारी एका झाडाखाली तुळस शेजारी ठेवून एक आजी पाय चेपत बसल्या होत्या. माझी पेटी पाहून म्हणाल्या, “ह्यात वाकून काय बघतूस रं बाबा?” मी पेटी त्यांच्यापुढे धरली. काचेत त्यांना त्यांची सोबतीण दिसली, पण उलट्या बाजूला. त्यांनी मान वर करून पाहिले, पुन्हा काचेत पाहिले, आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या. “देवानं हिला आज डावरी केली की!” मग दोघींत थोडी थट्टा झाली. मी उठू लागलो तशा त्या म्हणाल्या, “माझा बी एक काढ. एकटीचा. कार्डावरचा हाय, पर त्यो चोरावानी आलाय.” मी काढला. त्या तुळस मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या, हसल्या नाहीत. “पाठवशील न्हवं?” म्हणाल्या. मी वहीत गावाचे नाव, तालुका सारे लिहून घेतले.

त्या संध्याकाळी पाऊस कोसळला. वही खिशात होती. रात्री उघडून पाहिली तेव्हा शाईचे नुसते निळे डाग उरले होते. दिंडी रथामागची आणि गाव गोदाकाठचे, एवढेच मला आठवते. नाव मी ऐकले होते. पण लिहून घेतले आहे म्हणून लक्षात ठेवले नाही.

फोटो उत्तम आला. तेव्हापासून दरवर्षी तो पाकिटात घालून मी सासवडला जातो आणि रथामागच्या दिंड्यांतून विचारत फिरतो. आता लोक कॅमेऱ्यापेक्षा त्या फोटोवरूनच माझ्याशी जास्त बोलतात. “ही आमच्या आत्यासारखी दिसती.” “ह्या पैठणकडच्या असतील, पुढच्या दिंडीत बघा.” कोणी चहा पाजतो, कोणी दोन कोस बरोबर चालतो. आजी अजून भेटलेल्या नाहीत.

आपल्या भाषेत आपण फोटो ‘काढतो’. विहिरीतून पाणी काढतो, ओळख काढतो, आठवण काढतो, आणि कर्जही काढतोच. लपून काढलेल्या चित्राचे कर्ज कोणाच्या वहीत लिहिले जात नाही, म्हणून ते कोणाला जाणवतही नाही. उघड्यावर, विचारून, मान तुकवून काढलेल्या चित्राला मात्र साक्षीदार असतो, आणि तो साक्षीदार म्हणजे ज्याचे चित्र काढले तो स्वतः. माझ्या विचित्र पेटीपाशी माणसे का थांबतात, याचे उत्तर मला वाटते यातच आहे. ती दिसते, म्हणून तिला जाब विचारता येतो. आणि ‘मला एक देशील ना?’ असे हक्काने म्हणता येते.

दिवाळीत व्यापारी वहीपूजन करतात, जुना हिशेब मिटवतात, आणि जे मिटत नाही ते नव्या वहीत पहिल्या पानावर लिहितात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मीही ते पाकीट उघडून पाहतो. आजी तशाच ताठ बसलेल्या असतात. मी पाकीट बंद करतो आणि यंदाचीही बाकी पुढे ओढतो.